पहिली वेलांटी

१८४८ साली बुधवार पेठेत वाचनाची दोन दारं उघडली. बुधवारवाड्यात पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली. त्या खटपटीत लोकहितवादी गोपाळराव देशमुख होते. तिथून हाकेच्या अंतरावर, भिडे वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. बुधवारवाडा १८७९ च्या मे महिन्यात आगीत गेला. लायब्ररी मात्र टिकली, आज ती पुणे नगर वाचन मंदिर म्हणून लक्ष्मी रस्त्यावर उभी आहे. भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला.

मी याच पेठेत जन्मलो आणि मला जन्मापासून दिसत नाही. त्यामुळे या दोन्ही दारांबद्दल वाचताना मनात एकच प्रश्न येतो: त्या वर्षी मी तिथे गेलो असतो तर मला काय वाचता आलं असतं? काहीच नाही. त्या वर्षी पॅरिसमध्ये लुई ब्रेल हयात होता, पण तो जिथे शिकला आणि शिकवत होता त्या संस्थेनंसुद्धा त्याची लिपी रीतसर स्वीकारली ती १८५४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. तेव्हा बुधवारातल्या कुणाला दोष द्यायचं कारण नाही. पण वाचनापर्यंत कोणी पोचायचं आणि कोणी नाही, हा प्रश्न या पेठेत फार पूर्वी आणि फार धीटपणे विचारला गेला. त्यातला आमच्या वाट्याचा भाग कोणी लिहिलेला मला आढळला नाही, म्हणून लिहितो.

मराठी आधी माझ्या बोटांना लागली. भारतातल्या भाषांसाठी पूर्वी निरनिराळ्या ब्रेल लिप्या होत्या. एका प्रांतात शिकलेल्याला दुसऱ्या प्रांतातलं पुस्तक लागत नसे. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि साऱ्या भारतीय भाषांना एकच ठिपके मिळाले. पुण्यात अंधशाळा १९३४ पासून होती. मी शिकलो तो काळ भारती ब्रेल रुळल्यानंतरचा. क म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका. इ म्हणजे दुसरा आणि चौथा. ‘कि’ लिहायचं तर आधी क, मग इ. तोंडातून जसं निघतं तसं. यात काही विशेष आहे हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं, कारण मला दुसरी रीत माहीतच नव्हती.

ती दुसरी रीत दादाच्या छापखान्यात कळली. माझा मोठा भाऊ खिळे जुळवायचा. तेव्हा आमच्या पेठेत आणि शेजारच्या शनिवार, नारायण पेठांत वाड्यावाड्यांतून लहान छापखाने होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, मधूनच एखादं पुस्तक. आप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं, आणि त्या दुकानांना माल पुरवणारे हे छापखाने मागच्या बोळांतून. छपाईच्या ट्रेडल यंत्राचा ठेका मी वाड्याच्या दिंडीतूनच ओळखायचो. मालक भला माणूस होता, मला खिळ्यांच्या केसपाशी बसू द्यायचा.

दादा जाहिरातींचे मोठे लाकडी खिळे माझ्या हातात द्यायचा आणि अक्षराचा आकार सांगायचा. सगळी अक्षरं उलटी, आरशातली. डोळसांचा क कसा दिसतो ते मला त्या लाकडावर कळलं. एकदा तो खिळे जुळवायच्या स्टिकमध्ये ओळ जुळवत होता आणि मी बोटं फिरवत होतो. शब्द होता ‘दिवस’. माझ्या बोटाला द लागायच्या आधी दुसराच एक खिळा लागला.

“हे काय रे?”

“पहिली वेलांटी.”

“पण ती द च्या आधी कशी? द म्हटल्याशिवाय दि कसं म्हणणार?”

दादा हसला. “म्हणायचं तसं म्हण. कागदावर ती आधीच दिसते ना, मग आधीच लावायची. आम्ही दिसतं तसं लावतो, बाळ.”

डोळ्यांचा क्रम आणि कानांचा क्रम. मराठी छपाईचा सारा धंदा पहिल्यावर उभा होता आणि तो त्याच्या जागी योग्यच होता. कागदाला कान नसतात. खिळा कुठल्या खणातून आला, कोणत्या तुकड्याला कोणता तुकडा जोडून अक्षर पुरं केलं, हे वाचणाराला कळायची गरजच नव्हती. छापलेलं ‘दिवस’ दिसलं म्हणजे काम झालं. पुढे कित्येक वर्षांनी आम्हा आंधळ्यांना जे भोगावं लागलं त्याचं मूळ मला या स्टिकमध्ये दिसतं.

मधल्या काळात आमचं वाचन दुसऱ्यांच्या गळ्यावर चाललं. ब्रेल पुस्तकं जाडजूड आणि मोजकी. कॉलेजचं पुस्तक आप्पा बळवंत चौकातून घ्यायचं, कोऱ्या कॅसेटी तपकीर गल्लीच्या बाजूच्या दुकानांतून घ्यायच्या आणि ताईला वाचायला बसवायचं. बुधवार पेठेचा हा विजेच्या सामानाचा बाजार पुण्यातल्या कित्येक अंध विद्यार्थ्यांची खरी लायब्ररी होता. साठ मिनिटांची कॅसेट भरवशाची; नव्वदची फीत पातळ, ती गुंतायची. दुकानदार टेपरेकॉर्डरची बटणं ओळखता यावीत म्हणून त्यावर सोल्डरचे ठिपके टाकून द्यायचे, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. ताईच्या वाचनात मागून कुकरची शिट्टी यायची, आई हाक मारायची, ती ‘थांब हं’ म्हणायची. अर्थशास्त्राचा सबंध अभ्यासक्रम मी असा ऐकला. त्यावर बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो. ताईचं ऋण मोठं आहे. पण तिला कंटाळा आला की माझा अभ्यास थांबायचा, आणि तिच्यासमोर जे वाचायला संकोच वाटेल ते माझ्या वाचनात कधी आलं नाही. स्वतः वाचणं निराळं असतं, ते इथे.

संगणक आला तो ही उणीव भरून काढील असं वाटलं होतं. इंग्रजीत तसं झालंही. जॉज नावाची आज्ञावली १९८९ पासून होती, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवायची. महाग होती, पण मोठ्या संस्थांमध्ये मिळायची. मराठीचं काय?

मराठीचं काम खरं तर फार लवकर आणि फार नीट सुरू झालं होतं. कानपूरच्या आयआयटीत जिस्ट या नावानं भारतीय लिप्यांचं तंत्र तयार झालं, मोहन तांबे त्यातले प्रमुख. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि ते काम इथे आलं. त्यातून ‘इस्की’ हे प्रमाण घडलं, भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये निघालं. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठी असलेल्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली. दोन्हींत ‘दि’ कसा साठवायचा? आधी द, मग वेलांटी. पडद्यावर ती डावीकडे नेऊन दाखवायचं काम यंत्रानं करायचं. म्हणजे साठा कानाच्या क्रमानं आणि दाखवणं डोळ्यांच्या क्रमानं. आमच्या ब्रेलनं १९५१ मध्ये जे धरलं तेच. हे मला समजावून सांगितलं गेलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, इतका आनंद झाला.

पण बाजार त्या वाटेनं गेला नाही. छापखान्यांना संगणक हवा होता तो खिळ्यांच्या जागी. पेजमेकर आला, डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, आली. सी-डॅकचे फॉन्ट होते, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी होती, कृतिदेव होता, शिवाजी होता. यातल्या बहुतेक फॉन्टांनी एक सोपी युक्ती केली: संगणकाला इंग्रजी अक्षरं माहीत आहेत ना, मग त्या अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. कृतिदेवात ‘काम’ लिहायला डी, के, ई या कळा दाबायच्या. डोळ्यांना ‘काम’ दिसतं. संगणकाच्या पोटात मात्र डी, के, ई एवढंच असतं. ‘दिन’ लिहायचं तर एफ, एन, यू. त्यातला पहिला एफ म्हणजे पहिली वेलांटी. दादाच्या स्टिकमधला तोच क्रम, जसाच्या तसा. आणि प्रत्येक कंपनीचे आकार वेगळ्या जागी; श्रीलिपीतला मजकूर कृतिदेवात उघडला तर डोळसांनासुद्धा अगम्य.

दादाही छापखाना बंद झाल्यावर असाच संगणकावर बसला. चौकाजवळच्या एका जिन्यावर डीटीपीचं दुकान होतं. त्याचा हात वेगानं बसला, कारण विचार तोच होता. या फॉन्टांनी मराठी पुस्तकांची मोठी सेवा केली हे मी कृतज्ञतेनं सांगतो. शिसं गेलं, छपाई स्वस्त झाली, लहान प्रकाशक तगले. कागदासाठी ती युक्ती पुरेशी होती.

मग हाच मजकूर संकेतस्थळांवर चढू लागला. नव्वदीच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रं जालावर आली. पान उघडायचं तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्या. पुढे तो आपोआप उतरून येऊ लागला. घरात उत्साह होता. परदेशातला भाचा रोज पुण्याची बातमी वाचू लागला. मी बँकेतल्या एका मित्राच्या संगणकावर तेच पान बोलक्या आज्ञावलीला वाचायला लावलं. तिनं वाचलं: डी, के, ई, मग एखादं प्रश्नचिन्ह, मग सेमिकोलन, मग इंग्रजीतसुद्धा नसलेले शब्द. पानभर. माझ्या भाषेतलं, माझ्या गावातलं वर्तमानपत्र पहिल्यांदा माझ्यासमोर उघडं होतं, आणि त्यात मराठीचा एकही वर्ण नव्हता. जे होतं ते मराठीचं चित्र होतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली होती. जे मला ऐकू येत नव्हतं ते शोधयंत्रालाही सापडत नव्हतं. त्या काळातल्या मराठी बातम्या, लेख, मुलाखती यांतलं कितीतरी आज डोळसांनाही मिळत नाही, कारण शोधताना आपण ‘काम’ लिहितो आणि तिथे ‘डीकेई’ साठवलेलं असतं. आंधळ्यासाठी बंद असलेलं दार बहुतेक वेळा सगळ्यांसाठीच अर्धं बंद असतं.

विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, सोबत र. कृ. जोशींनी रेखलेला मंगल फॉन्ट. विंडोज एक्सपीत ती चालू करायला मूळ सीडी घालावी लागायची, आणि ती सीडी दुकानदाराकडे नसायची. तरीही मराठी माणसं युनिकोडकडे सरकली. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. हौशी मंडळींनी टंकलेखनाची साधनं करून फुकट वाटली. पुढे मराठी विश्वकोशाचे खंड जालावर आले. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये एनव्हीडीए ही फुकट वाचक आज्ञावली सुरू केली, जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. तिच्याबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजाला पुढे मराठीही बोलता येऊ लागलं. आवाज यांत्रिक, खणखणीत, ‘ळ’ वर किंचित अडखळणारा. त्या आवाजात मी विश्वकोशातली पुण्याची नोंद ऐकली. मधे कुकरची शिट्टी नाही, कुणाला ‘जरा थांब’ म्हणायला नको, आणि हवं तिथे परत मागे जायची मुभा. वय पन्नाशीपार होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी मराठी एकट्यानं वाचली, ब्रेल सोडलं तर.

मजकूर बोलका झाला म्हणजे पान वापरता येतंच असं नाही. मी पान कसं वाचतो ते सांगतो. एच ही कळ दाबत मथळ्यांवरून उड्या मारतो. पण मथळा नुसता ठळक आणि मोठा केलेला असेल, ‘हा मथळा आहे’ असं आतून सांगितलेलं नसेल, तर उडी मारायला फांदीच नसते. दुव्यांची यादी मागवली तर ऐकू येतं: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. कशासाठी, ते दृष्टी असणाऱ्याला शेजारच्या ओळीवरून कळतं. चित्राला वर्णन दिलेलं नसेल तर कॅमेऱ्यानं दिलेला फायलीचा आकडा वाचला जातो. बटणाला नाव नसेल तर नुसतं ‘बटण’. पानाच्या डोक्यावर भाषा मराठी अशी खूण हवी. तिथे इंग्रजी राहिलं असेल तर माझी आज्ञावली इंग्रजी आवाज लावते आणि कित्येकदा अख्खा देवनागरी परिच्छेद गिळून पुढे जाते. एकदा एका अर्जासाठी चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून भरायची होती, मी माणूस आहे हे सिद्ध करायला. मला कुणाला तरी बोलवावं लागलं. स्वतःचं माणूसपण दुसऱ्याच्या डोळ्यांनी सिद्ध करावं लागणं मला अजूनही सहन होत नाही, आणि ते सहन करू नये असंच मी म्हणतो.

यातलं काहीही अवघड नाही, नवीनही नाही. चित्राला वर्णन द्या, रकान्याला नाव द्या, हे जागतिक जाल संघानं मे १९९९ मधल्या पहिल्या मार्गदर्शक सूत्रांत सांगून ठेवलंय. डिसेंबर २००८ मध्ये दुसरी आवृत्ती आली. भारत सरकारनं आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये नियमावली काढली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं माहिती आणि तंत्रज्ञान आम्हाला वापरता येईल असं असलं पाहिजे हे बंधन घातलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की सुगम्यतेची मानकं शिफारस म्हणून चालणार नाहीत, ती बंधनकारक हवीत. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात तर डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. तिथे प्रश्न होता ओळख पटवताना पडद्यासमोर डोळे मिचकावण्याचा. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या बाईनं ते कसं करायचं? कायदा आता आमच्या बाजूनं पुरेसा आहे. उरलंय ते पान बांधणाऱ्या माणसापर्यंत पोचणं.

म्हणून चौकातल्या एका संकेतस्थळं बनवणाऱ्या ऑफिसात मी जाऊन बसतो. मुलं विशी-पंचविशीची. मी त्यांना पडदा बंद करायला सांगतो आणि त्यांनीच बांधलेलं पान ऐकवतो. पहिल्यांदा ऐकताना ती गप्प होतात. मग एखादी विचारते, “काका, हे बटण काय म्हणतंय?” मी म्हणतो, “तेच तुम्ही मला सांगा.” त्या दुपारी बटणाला नाव मिळतं. त्याचा फायदा मला होतो आणि दुकानात गल्ल्यावर बसलेल्या सत्तरीच्या शेटजींनाही होतो, ज्यांना मोठी अक्षरं आणि सरळ रांगेतला अर्ज हवा असतो. हे मी मुलांना पटवत नाही. ती एकदा शेटजींनाच समोर बसवतात आणि पाहतात.

आता माझा दिवस जातो तो दादाच्या फायलींमध्ये. दादा गेला. त्याच्या दुकानातल्या सीड्या मालकांनी मला दिल्या, आणि ते कळल्यावर इतर दोघा-तिघांनीही आपल्या आणून दिल्या. त्यांत कितीतरी मराठी पुस्तकं जुन्या फॉन्टांत अडकून आहेत. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दिव्यांगांसाठी पुस्तकाचं सुगम रूप करायला वाट मोकळी झाली. अशी पुस्तकं अंधांपर्यंत पोचावीत यासाठीचा मराकेश करार मान्य करणारा भारत जगातला पहिला देश, जून २०१४ मध्ये. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय आहे, अशी पुस्तकं तिथून आमच्यापर्यंत पोचतात. तेव्हा या सीड्या म्हणजे नुसती अडगळ नाही.

फॉन्ट बदलणाऱ्या आज्ञावल्या आहेत, त्या डी-के-ई चं ‘काम’ करतात आणि वेलांटी उचलून अक्षराच्या मागे ठेवतात. पण सगळं त्यांच्या आवाक्यातलं नाही. आपल्या अर्ध्या र चं उदाहरण घ्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. जुन्या फॉन्टांत त्या दुसऱ्या र ला स्वतंत्र आकार होता, आणि रूपांतरात तो कधी रफार होऊन जातो, कधी गळतोच. शिवाय युनिकोडमध्येही तो दोन प्रकारांनी लिहिला जातो. दिसायला एकच, शोधायला गेलं की दोन. ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये, त्याआधीचे लोक अ वर चंद्र चढवून भागवायचे, आणि आवाज तिथे दोन तुकडे करतो. जोडाक्षरं फुटतात. अवतरणचिन्हाच्या जागी अचानक ‘ध’ येतो. हे सगळं डोळ्यांनी तपासताना सुटतं, कारण डोळा वाक्याचा अर्थ धरून पुढे सरकतो. कानाला मात्र एकेक चूक खटकते.

सध्या प्रवासवर्णनाचं एक पुस्तक चालू आहे, दादानंच जुळवलेलं. सह्याद्रीतलं असल्यानं दऱ्या पानोपानी आहेत आणि आज्ञावलीनं त्या सगळ्यांचा समुद्र करून ठेवलाय. निम्मं झालं. वाचनाचा वेग मी नेहमीपेक्षा कमी ठेवलाय, कारण दादाच्या काही चुका मूळच्याच आहेत, त्या ओळखून प्रकाशकाला विचाराव्या लागतात. कुणाकडे त्या काळातल्या श्रीलिपीच्या किंवा सी-डॅक फॉन्टांतल्या फायली पडून असतील तर फेकू नका. सीडी उघडत नसेल तरी द्या, तपकीर गल्लीत अजून जुने ड्राइव्ह दुरुस्त करून मिळतात.